चौकशीबाई आणि व्याह्यांची मान

आमच्या गल्लीत तिला सगळे चौकशीबाई म्हणतात, आणि हे नाव तिला नोकरी लागायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. कुणाचा जावई नोकरी सोडणार, हे जावयाच्या आधी तिला कळायचं. कोपऱ्यावरच्या कायरोप्रॅक्टरनं, म्हणजे मणक्यांना झटका देऊन ते मोकळे करणाऱ्या डॉक्टरनं, हा गुण बरोबर हेरला आणि तिला कामावर ठेवलं. उपचार घेऊन गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि काही त्रास होतोय का, ते काढून घ्यायचं. अंग थोडं ठणकलं तर चालतं. चक्कर, उलटी, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, असलं काही निघालं की तडक डॉक्टरला सांगायचं.

अडचण अशी, की माणसं खोटं बोलतात. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून "एकदम छान" म्हणून मोकळी होतात. म्हणून बाई तब्येत विचारतच नाही. आज केस कुणी विंचरले, जिना उतरताना कठडा धरला का, असं काहीबाही विचारते, आणि माणूस बोलण्याच्या ओघात सगळं ओकतो.

एकदा तिचे व्याहीच मान दाखवायला आले. मुलांच्या लग्नातल्या फोटोत विहीणबाई मागच्या रांगेत गेल्या, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. व्याही तिच्या टेबलासमोरून मान ताठ ठेवून गेले. अर्थात, तशीही ती वळत नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी बाईनं बाकी सगळ्यांना फोन करून घेतले, टेबल पुसलं, पाणी प्यायलं, आणि शेवटी त्यांना लावला. व्याही म्हणाले, ठणठणीत आहे. बोलणं बंद असलेल्या विहिणीपुढे रडगाणं गायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं की! बाई हे ओळखून होती. तिनं मुद्दाम तो फोटोच उकरून काढला. या विषयावर व्याही एरवी तासभर ऐकवायचे. आज म्हणाले, "जाऊ द्या हो. चूक आमचीच असेल."

बाई खुर्चीतून उठलीच. "विहीणबाईंना फोन द्या."

विहीणबाई भिंतीशी बोलावं तशा बोलल्या. सकाळपासून ह्यांना उलट्या होताहेत, पित्त असेल. भिंत धरून चालताहेत, पण वयही झालंय. बाईनं फोन कानाला तसाच ठेवून डॉक्टरला हाक मारली. तो म्हणाला, इथे आणू नका, मान कुणी चोळू नका, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या, तिथे मी कळवतो. विहीणबाईंचं आपलं, संध्याकाळी बघू. मग मात्र बाईनं त्यांना असं झापलं, की झटका घ्यायला पालथा पडलेला आतला पेशंटसुद्धा उठून बसला.

हॉस्पिटलात कळलं, मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली होती. गुठळी मेंदूत जायच्या आत औषध सुरू झालं.

संध्याकाळी बाई तिथे पोचली तेव्हा विहीणबाई बाहेर बाकावर एकट्याच बसल्या होत्या.

"तुमच्याच डॉक्टरनं केलं ना हे?"

मी असतो तर शंभर सबबी सांगितल्या असत्या. बाई म्हणाली, "हो, आमच्याकडेच झालं असणार. म्हणून तर फोन करते. उद्याही करीन. उचला."

विहीणबाई थोड्या सरकल्या. तोंड मात्र दुसरीकडेच ठेवलं.