व्हर्लीनच्या घरातली ट्रॉफी

अमेरिकेतल्या आमच्या गॅरी शहरात व्हर्लीन टिब्स शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ कॉर्डेल अजून शाळेत होता आणि बाप असून नसल्यासारखा. नर्सिंगचं शिक्षण अर्धवट सोडून तिने भावाला वाढवलं. त्याचे पाय इतक्या भराभर वाढायचे की नव्या बुटांसाठी ती सुट्टीच्या दिवशी लोकांचे कपडे इस्त्री करायला जायची.

पुढे तो बास्केटबॉलचा मोठा खेळाडू झाला. ज्या मोसमात सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्या उन्हाळ्यात ट्रॉफी घेऊन थेट तिच्या दारात आला.

"व्ही, ही तुझी. मी नुसती उचलून आणली."

मी शेजारीण. कुंपणापलीकडून माझ्या कानांनी ऐकलंय.

ट्रॉफी पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी आली. रविवारी चर्च सुटलं की कोणी ना कोणी बघायला यायचं. ती पोरांना हात लावू द्यायची आणि मग मऊ फडक्याने ठसे पुसायची. लग्नाचं विचारलं की ट्रॉफीकडे बोट दाखवायची. "हा एक पुरुष घरात आहे तेवढा पुरे. निदान जेवायला मागत नाही."

कॉर्डेल निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेला. दोन बायका सोडून गेल्या, हॉटेल काढलं तेही बुडालं. मग एका शनिवारी लिलाववाल्या माणसाला घेऊन तो आला. व्हर्लीन पीच कॉबलर हा गोड पदार्थ करत होती, मी पीच सोलायला बसले होते.

"व्ही, ट्रॉफी विकतोय. तुला हुबेहूब दुसरी करून देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना."

"तिच्यावर नाव कुणाचं आहे?"

तिने ॲप्रनला हात पुसले. आईच्या गोधडीत ट्रॉफी गुंडाळायला तिने स्वतः घेतली. लिलाववाला म्हणाला, "थांबा, आधी हातात धरून एक फोटो. लोकांना हे आवडतं." ॲप्रन काढायचं तिला सुचलं नाही.

लिलावाचं पुस्तक छापून आलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'टिब्स कुटुंबाची जुनी मोलकरीण.' तिने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"कॉर्डेल, मी तुमची मोलकरीण?"

"अगं, त्यांनी लिहिलं ते. ॲप्रन बघून वाटलं असेल."

"छापायच्या आधी तू वाचलं होतंस?"

"वाचलं होतं. पण म्हटलं, बदलायला लावलं तर तारीख पुढे जाईल. त्याने काय फरक पडतो, व्ही?"

तिने फोन ठेवला.

ट्रॉफी डॅलसच्या कुणीतरी घेतली. नकली ट्रॉफीचं खोकं आलं, ते तिने न उघडता कुरियरवाल्याच्या हाती परत दिलं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो फुलं घेऊन आला. ती दारातच उभी राहिली.

"आत नाही बोलवत?"

"आत काय बघणार? विकण्यासारखं आता काही राहिलं नाही."

त्याने फुलं कठड्यावर ठेवली आणि तो गाडीत बसला. आम्ही दोघीच जेवलो. टर्की कोरडी झालीय, एवढंच ती म्हणाली आणि ताट तसंच सारून उठली. त्यानंतर रविवारी पडदे लावून घेऊ लागली, तेव्हा लोकांनीही हळूहळू येणं सोडलं.