बुरुलचा एजेचं काटेरी झाड

“तुती आहे ती!”

“तुतीला काटे कधीपासून यायला लागले, केनेश आके? तुमच्या दाढीला आलेत तेवढे पुरेत.”

“मग तूच सांग काय आहे ते.”

“दोलोनो. काटेरी झुडूप असतं, माझ्या आजोळी झऱ्याकाठी होतं. सगळा गाव त्याला चिंध्या बांधून नवस बोलायचा.”

“दोलोनो एवढं उंच? जन्मभर ट्रॉलीबस चालवलीस तू, बुरुलचा. झाडं नव्हे.”

बिश्केकच्या आमच्या उद्यानातला हा वाद वसंतात सुरू झाला आणि सप्टेंबर आला तरी दोघांपैकी कुणीही बाक सोडायला तयार नव्हतं. केनेश आके, आके म्हणजे आमच्याकडे दादा, कुस्तीचे निवृत्त पंच. वादात कुणी चांगला टोला हाणला की त्यांचा हात सवयीने वर जातो आणि तोंडातून निघतं, “एक गुण!” समोरच्याला द्यावा लागला तरी प्रामाणिकपणे देतात.

बुरुलचा एजेची, एजे म्हणजे ताई, गोष्ट वेगळी. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते. नोकरीत नवी असताना एकाने विचारलं, ही गाडी ओश बाजाराला जाते का? एजे म्हणाली, “जाते की! बसा.” आता ट्रॉलीबस तारेला बांधलेली, आणि तार गेली होती भलतीकडे. त्या माणसाला शेवटच्या थांब्यावर उतरवून एजे त्याच्यावरच डाफरली, “बाजारच हलवलाय त्यांनी. माझ्यावर काय डोळे वटारता?”

झाडाच्या बाबतीतही तेच. काटे दिसले, शेजारून पाटाचं पाणी वाहत होतं, झाड एकटंच उभं होतं. झालं! एजेने दोलोनो ठरवून टाकलं, ओढणीची किनार फाडून फांदीला बांधली आणि गुडघा बरा होऊ दे म्हणाली. लोकांनी एक चिंधी पाहिली आणि दुसरी बांधली. उन्हाळा सरेपर्यंत परीक्षेवाले, नोकरीवाले, लग्न अडलेले, सगळे येऊन गेले. झाड नुसतं दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यासारखं फडफडायचं.

आणि त्या दिवशी, “तुती” म्हणायला केनेश आकेंनी तोंड उघडलं तेवढ्यात, धप्प!

त्यांची टोपी नाकावर आली. मांडीत एक हिरवागार गोळा, मोसंबीहून मोठा आणि मेंदूसारखा सुरकुतलेला; पानांच्या हिरव्यात तो वर कुणाला दिसलाच नव्हता. मागोमाग आणखी दोन गवतात पडले.

दोघंही बघत राहिले.

“बुरुलचा,” टोपी सरळ करत आके हळूच म्हणाले, “हे तर तुझ्या सिंकखालच्या बरणीतलं आहे!”

होतंच. दर शरदात एजे बाजारातून हेच गोळे आणून, चिरून, व्होडकात घालायची आणि गुडघ्याला चोळायची. फक्त ते कुठल्या झाडाला लागतात हे तिने कधी विचारलं नव्हतं. आकेंनी फोन काढला, फोटो घेतला आणि मोठ्याने वाचलं, “मक्लूरा. मूळ देश अमेरिका.”

“अमेरिका?” एजेने त्यांचा फोन हिसकावून घेतला.

“छान!” मागून आवाज आला. उद्यानाची अधिकारी मिर्गुल, आणि तिच्यामागे करवत घेऊन तिथला माळी ओमुर. “ओळख पटत नव्हती म्हणूनच थांबले होते. परकं, काटेरी, वर लोकांच्या डोक्यावर पडतं. ओमुर, घे कापायला.”

“माझ्या डोक्याची काही तक्रार नाही!” आके घाईघाईने म्हणाले.

एजे उठून खोडाला पाठ लावून उभी राहिली. “ट्रॉलीबस बंद करून माझी गाडी काढून घेतलीत, काही बोलले का मी? वरच्या तारासुद्धा गुंडाळून नेल्यात. सकाळी उठून कुठंतरी जायची सवय आहे मला, पोरी. मी इथे येते. आता हेही नेणार?”

“एजे, झाड आपलं नाहीये.”

“मग पाहुणा आहे. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला किर्गिझ माणूस दारातून हाकलतो होय?”

“पाहुणा चहा पिऊन जातो. हा चाळीस वर्षं बसलाय!”

“आणि तुझी सासू?”

“एक गुण!” आकेंचा हात वर.

मिर्गुल लालबुंद झाली. “तुम्हीच दोलोनो म्हणालात म्हणून लोकांनी चिंध्या बांधल्या. चुकलात ना? म्हणा की!”

आता एजे काय म्हणणार?

“मला,” एजेने ओढणी सारखी केली, “मला माहीत नव्हतं.”

आकेंचा हात वर जायचा तो खालीच राहिला.

“नव्हतं माहीत! पण गुडघा बरा झाला की नाही माझा?”

“तो व्होडकाने! वास येतोय इथवर!” मिर्गुल ओरडली.

“आणि व्होडकात काय होतं गं? तुझी फर्मानं?”

मिर्गुलने तो नाद सोडला आणि मागे वळली. “ओमुर! बघत काय बसलायस? चालव करवत!”

ओमुर मघापासून चिंध्यांकडेच बघत होता. त्याने करवत खाली ठेवली आणि एक हात कमरेवर दाबत सावकाश वाकून गवतातले दोन गोळे उचलले. ते खिशात कोंबले. मग करवत पुसायचं फडकं दातात धरून टर्रकन फाडलं आणि सगळ्यात खालच्या फांदीला नीट गाठ मारली.

“ओमुर, मी तुझ्याशी बोलतेय! कापणार आहेस की नाही?”

ओमुरने करवत खांद्यावर टाकली आणि फुगलेला खिसा सांभाळत फाटकाबाहेर चालता झाला.