माझ्या पाठाला ‘उत्तम’ शेरा मिळाला

डी.एड. करणाऱ्यांनो, आज स्वतःचीच किळस आली म्हणून लिहितेय.

कारेगावजवळच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गावर माझा सराव पाठ होता. कॉलेजच्या मॅडम निरीक्षणाला येणार, म्हणून वर्गशिक्षकांनी वाचता न येणारी सहा मुलं आधीच मैदानात कचरा वेचायला पाठवली. "ही पोरं तुमचा पाठ बिघडवत्याल," म्हणाले. आणि मी काय म्हणाले? "थँक्यू सर!"

शेरा मिळाला, ‘उत्तम’.

सुट्टीत त्या सहातलीच राणी धुळीचे हात घेऊन माझ्याकडं आली. "मॅडम, पाठ चांगला झाला का?"

"हो गं."

"मंग उद्या बी आमी भाईरच थांबू का?"

माझ्या त्या ‘थँक्यू’ची लाज वाटली. शी!

खरं सांगा, तुमच्या ‘उत्तम’ पाठाच्या वेळी वर्गाबाहेर कोण होतं?