बेल्टचा खोका

तो सोमवार अजून डोक्यातून जात नाही. आदल्या दिवशी चारच्या सुमाराला बोर्लीकडच्या रस्त्यावर एका एसयूव्हीनं शेतावरून परतणाऱ्या बाईला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. बाई दवाखान्यात पोचायच्या आत गेल्या. नाक्यावरच्या चहावाल्यानं फोन करून गाडीचा नंबर कळवला. कागदोपत्री मालक पनवेलचा निघाला. त्यानं आठवड्यापूर्वीच ती आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षकाला विकली होती.

गुरुजींना सकाळी ठाण्यात बोलावलं. दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी. तिला आधीचेच इतके पोचे, की नवा कुठला हे त्यांना सांगता येईना. रविवारी गाडी मेकॅनिककडे कामाला टाकली होती, संध्याकाळी सहाला हातात आली, एवढंच परत परत सांगत होते. मेकॅनिक गावातला जुना, चांगल्या हाताचा माणूस. तो म्हणाला, अकरालाच नेली की गुरुजींनी. मी मेकॅनिकचं खरं मानलं. अटक दाखवली की शिक्षण खात्याला कळवावं लागतं, आणि निवृत्तीला चार महिने राहिलेल्या गुरुजींची नोकरी त्यात गोत्यात येणार होती. तरी कागद तयार करा म्हणून मी सांगून टाकलं.

पाच वाजता बाहेर आलो तर बाकावर गुरुजींच्या पत्नी. मांडीवर पिशवी. हवालदाराला वाटलेलं, डबा असेल. मी विचारलं तेव्हा त्यांनी ती उघडली. आत गाडीतून काढलेलं जुनं सामान होतं: ऑइल फिल्टर, झिजलेले ब्रेकपॅड, खोक्यात गुंडाळून ठेवलेला जुना टायमिंग बेल्ट. आमच्याकडे जुना पार्ट हातात पडल्याशिवाय नवा टाकला यावर कुणी विश्वास ठेवत नाही. खोका मात्र नव्या बेल्टचा होता आणि त्यावर एसटीच्या पार्सलची रविवारची पावती चिकटलेली. स्टँडवर फोन केला. पार्सल आणणारी एसटी पनवेलहून दुपारी साडेबाराला आली होती.

मेकॅनिकला पुन्हा बसवलं. अपघाताचा विषयच काढला नाही. म्हटलं, मलाही जुनी गाडी घ्यायचीय, आधी काय काय करून घेऊ? गडी खुलला. सगळी ऑइलं बदला, कूलंट बदला, ब्रेक बघा, आणि आधीचा मालक काहीही सांगो, बेल्ट नवाच टाका, तुटला तर इंजिन गेलं. बेल्टला वेळ किती लागतो? तीन तास तरी, घाईत होत न्हाय, म्हणाला. मग खोका टेबलावर ठेवला. साडेबाराला आलेला बेल्ट अकराच्या आत कसा बसला?

त्यानं पावतीवरची तारीख वाचली आणि खोका हळूच माझ्याकडे सरकवला.

"ट्रायल मीच मारली, साहेब. बाई दिसली तवा उशीर झालेला. थांबलो न्हाय."

माणूस सगळ्याबद्दल खोटं बोलेल, पण स्वतःच्या कामाबद्दल सहसा बोलत नाही, असं मी पुढे नव्या शिपायांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. केस डायरीतही लिहिलं, 'तपासात पुरावा हस्तगत.' कसला तपास! गुरुजींना सोडताना मी त्यांच्या पत्नीला विचारलं होतं, सकाळपासून बसलात, मग आधी का नाही बोललात?

"दोनदा बोलले. हवालदार म्हणाले, साहेब कामात आहेत."

त्या वेळी मी त्यांच्या नवऱ्याच्या अटकेचे कागद तपासत होतो.