गाण्याच्या मधेच सा बदलणारी माणसं

उन्हाळी पिकनिकमधल्या कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले होते. मला बँडमध्ये ठेवायचं की काढायचं, हे येत्या शनिवारी ठरणार होतं.

बँड ब्लूग्रासचा, म्हणजे तारवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीताचा. इथे अमेरिकेत, एडिसनला, लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारी बाई त्यात मँडोलिन वाजवायची. त्यांचा फिडलवाला दुसऱ्या राज्यात गेला, तेव्हा तिने मला विचारलं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि मी सांगलीत बारा वर्षं शिकले होते. एकाने पुढे येऊन वाजवायचं, बाकीच्यांनी मागे लय धरायची, मग दुसऱ्याची पाळी. यात अवघड काही नव्हतं. पण ही मंडळी स्वतःला प्रोग्रेसिव्ह म्हणवणारी. बास गिटार विजेवरची, चाली रॉकच्या वळणाच्या, आणि गाण्याच्या मधोमध पट्टीच बदलायची.

आपल्याकडे एकदा सा लावला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. माझ्या चारही तारा सा आणि प या सुरांना लावलेल्या. बाकीचे ‘ए’ पट्टी सोडून ‘सी’ पट्टीत जायचे, मी आपली ‘ए’मध्येच.

बँजोवाला प्लंबर होता, तोंडाने फटकळ. तालीम त्याच्याच गॅरेजमध्ये व्हायची. "आम्ही सगळे नव्या घरी पोचलो," तो म्हणाला, "तू अजून जुन्या घराची बेल वाजवतेस. शनिवारपर्यंत जमव, नाहीतर दुसरं कुणी बघतो."

घरी नवऱ्याला सांगितलं, तर ते हसत सुटले. "अगं, हे गाणं आहे की सरकारी नोकरी? मधेच बदली!"

"हसू नका, पेटी काढा. आधी ए धरा, मग सी."

त्यांनी पेटीवर दोन्हींचे तीन-तीन सूर आळीपाळीने धरले. मी एकेक सूर लावून पाहिला. माझा पंचम दोन्हीकडे बसत होता. ए चा जो प, तोच सी चा ग. मोकळी तार, बोटसुद्धा ठेवायला नको.

शनिवारी मी सांगून टाकलं, "पट्टी बदलताना मी चाल वाजवणार नाही. एकच सूर लांबवेन. तुम्ही त्याच्याखालून पलीकडे जा, मी मागून येते."

पहिल्यांदा बासवाला माझ्याकडे बघत राहिला आणि चुकला. दुसऱ्यांदा बँजोवाला मधेच थांबला. "पुन्हा," एवढंच म्हणाला. तिसऱ्यांदा कुणी थांबलं नाही.

बँजो खाली ठेवत तो म्हणाला, "पिकनिकला काळी पँट घाल."

"मी साडी नेसणार."

"मग वायरीत पाय अडकवू नकोस."

पिकनिकला मी पदर खोचला आणि बासची वायर स्वतःच टेपने स्टेजला चिकटवली. गाणं नीट झालं. उतरल्या उतरल्या बँजोवाल्याने नवीन चालीची कॅसेट हातात दिली. "ही दोनदा बदलते. कुठला सूर टिकतो ते शोधून ये."

पुन्हा पेटी निघाली. पहिल्या बदलाला सूर सापडला, दुसऱ्याला एकही टिकेना. तालमीत तिथे मी दोन मात्रा गज उचलून गप्प राहिले. तेही चाललं.