दुखणं? लिहा, एक!

वार्ताहराच्या वहीत छापून आलेलं थोडं आणि संपादकानं "जागा नाही" म्हणून परत केलेलं फार, असंच साचत जातं. ऐंशीच्या दशकात माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं. नागपूरच्या त्या इस्पितळात आमच्या वॉर्डात चौघं चंद्रपूर-गडचिरोलीकडचे होतो. हे किस्से तिथले. एकही छापला गेला नाही!

सिस्टरनं सुरुवातीलाच बजावलं होतं, "उशी छातीशी घट्ट धरा अन् खोका. कफ साचला तर ऑपरेशन फुकट. दुखलं तर सांगा, इंजेक्शन देऊ." म्हणजे अर्धा इलाज आमच्याच हातात. पण मोठे डॉक्टर राऊंडला चालता चालता विचारायचे, "ओके ना?" आणि आम्ही चौघं एका सुरात, "बरं हाय साहेब!" साहेबापुढे दुसरं काही बोलायची सवयच नाही आमच्या मुलखाला.

*

पहिला मी. दुसरे ब्रह्मपुरीकडचे एक शाळामास्तर. गुरुजी म्हणाले, "तोंडी सांगून काई होत नाई. लेखी द्या लागते." उशीवर कागद ठेवून त्यांनी अर्ज लिहिला. विषय : छातीत दुखत असल्याबाबत.

डॉक्टरांनी वाचला आणि शेरा मारला, "वॉर्डमार्फत सादर करावा."

इंजेक्शन मंजूर झालं, तोवर गुरुजींचे टाके निघाले होते!

*

तिसरा वडशाचा नट. हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करायचा. पहिल्यांदा खोकला तेव्हा असा ओरडला की सगळा वॉर्ड उठून बसला. वॉर्डबॉय खेकसला, "ए, इथी नाटक नको करू!"

नट माझ्याकडे वळला. "पाहा भाऊ, स्टेजवर खोटा मरतो तं वन्समोअर. इथी खरा बोंबललो तं नाटक!"

त्यानंतर तो ओरडला नाही. खोकलाही नाही. चौथ्या दिवशी तापानं फणफणला.

*

मग मात्र माझं डोकं फिरलं. राऊंड अडवून मी विचारलं, "कोणाला किती दुखतं, हे ठरवतं कोण?"

"पत्रकार, मी वर्षानुवर्षं छात्या उघडतोय."

"उघडता तुम्ही. आत राहतो आम्ही!"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक खाटेला तक्ता लागला. दुखणं एक ते दहा, पेशंटनं स्वतः सांगायचं, डॉक्टरांनी पेन्सिलीनं लिहायचं. मी जिंकलो, असं मला वाटलं.

*

चौथी मैनीबाई, एटापल्लीकडच्या जंगलातली. घरी दोन लहान लेकरं. तिचं उत्तर रोज तेच, "एक."

मुंबईहून पाहुणे आले, तेव्हा डॉक्टरांनी तिचा तक्ता कौतुकानं दाखवला. "बघा, आदिवासींची सहनशक्ती!" पाहुण्यांनी माना डोलावल्या. मैनीबाई उशी धरून बसली होती, श्वास वरच्यावर घेत. छातीत घरघर ऐकू येत होती. सिस्टर म्हणाली, "ही खोकली नाही, तर लेकरांकडे परत जाणं कठीण आहे."

पाहुणे गेल्यावर मी तिच्या खाटेशी बसलो. "बाई, खरं सांग. एकच काऊन म्हणते?"

ती माझ्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिली. मी पेन काढून गादीखाली सरकवलं.

"जंगलखात्याचा नाकेदार पेन्सिल घेऊन येते," ती हळूच म्हणाली. "किती बांबू तोडले, विचारते. एक म्हटलं तं सोडते. जास्त म्हटलं तं धरून नेते."

मी आकडा सोडून दिला. विचारलं, "आता दुखते, तसं कुठवर चालत जाशील? नदीपर्यंत?"

तिनं नाही अशी मान हलवली.

"दारापर्यंत?"

"खाटेखाली पाय नाई टाकू शकत, भाऊ."

मागं उभ्या सिस्टरनं ते ऐकलं आणि त्याच क्षणी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं मैनीबाई उशी कवटाळून खोकली, आणि खोकतच राहिली. आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो!

*

दुसऱ्या दिवशी राऊंड आला. डॉक्टरांनी तक्ता उचलला, पेन्सिल कानामागून काढली आणि विचारायच्या आधीच सवयीनं 'एक' लिहायला लागले.

मैनीबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"साहेब, तू पेन्सिल ठेव खाली. मंग सांगतो."