अठ्ठावीस पेरं

दुकानात आले की मामा आधी दोन्ही पंजे काउंटरच्या काचेवर उताणे ठेवायचे. मग एका हाताच्या अंगठ्याने दुसऱ्या हाताच्या कुठल्यातरी बोटाचं एक पेर दाबून धरायचे आणि म्हणायचे, "आज इथं हाय."

इथं म्हणजे रिचार्ज मारल्यापासूनचा कितवा दिवस, ते. चार बोटांची बारा पेरं आणि अंगठ्याची दोन, अशी एका हाताची चौदा. दोन्ही हातांची अठ्ठावीस. डाव्या करंगळीच्या बुडापासून सुरुवात करायची आणि उजव्या अंगठ्याच्या शेंड्यावर संपवायचं. तुम्ही आत्ता स्वतःची बोटं पाहत असाल. मीही पहिल्यांदा पाहिली होती.

"कंपनीनं महिना अठ्ठावीस दिवसाचा काहून केला, मालूम हाय का तुले?" मामा विचारायचे. "मानसाच्या हातावरून केला. तीसचा केला असता तं उरलेले दोन दिवस मोजाले पायाचे बोटं लागले असते. बूट घालनाऱ्याले ते जमत नाही."

तारीख लिहून ठेवत जा, असं मी सुचवून पाहिलं. कंपनीचा मेसेजही येतो, तो कुणाकडून वाचून घ्या म्हटलं. मामांनी नाक मुरडलं. "मेसेज इंग्रजीत येते. पेरं मराठीत हायेत."

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर माझं रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मामा नात्याने कुणी नव्हते, सगळेच त्यांना मामा म्हणायचे; गावाबाहेर त्यांचा दीड एकराचा मळा होता. वांगी, मेथी आणि सांबार, ज्याला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो. सकाळी माल विकून झाला की रिकामी टोपली घेऊन दुपारी ते माझ्या स्टुलावर येऊन बसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, आणि माझ्या दुकानात पंखा होता. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं. "नाव कायले पाह्यजे? नंबर हाय ना माहा," असं ते, मी पावती फाडत असतानाही म्हणायचे.

बाकीचं गिऱ्हाईक विचारतं, स्वस्त कुठला? मामा विचारायचे, स्वस्त तो काहून स्वस्त? भिंतीवरचे प्लॅनचे तक्ते एकेक करून मला वाचायला लावायचे आणि मध्ये थांबवायचे. "रोजचे शंभर मेसेज? मी शंभर मेसेज कोनाले पाठवू? वांग्याले?" मग दहा रुपयांच्या फरकावर अर्धा तास चर्चा. नवा प्लॅन घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "पेरं संपू दे, मंग पाहू." पेरं संपली की ते सगळ्यात लहान पॅक मारून घ्यायचे आणि नवी पेरं सुरू व्हायची. असं किती वर्षं चाललं, ते मोजायला माझ्याकडे बोटं नाहीत.

पूर्वी बॅलन्स नसला तरी येणारा फोन येत असे. मग कंपन्यांनी ठरवलं की रिचार्ज संपला की येणाराही बंद. ते मामांना समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हनजे कोनी माह्या घरी आलं तं दरवाजा उघडाचे पैसे मी द्याचे?" मी कंपनीची बाजू घेतली. काय करणार, पोट त्याच्यावर चालतं. पण त्या दिवसापासून मामांनी एक दिवसही खाडा पडू दिला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळीच हजर. कारण रोज दुपारी तीन वाजता त्यांना एक फोन यायचा, आणि तो चुकून चालणार नव्हता.

तो किन्हीराजाहून अक्काचा. अक्का त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलं होतं आणि पेरांवर मोजायलाही तिनेच शिकवलं होतं. मूलबाळ नाही, नवरा गेलेला, घरात एकटी. तिच्या बटणांच्या फोनवर एकच नंबर भरलेला होता, आणि त्या फोनचा रिचार्जही मामा आपल्याबरोबर एकाच दिवशी मारून घ्यायचे. "मी बरी हाय. जेवली. तू जेवला का?" एवढं बोलून ती फोन ठेवायची. मधल्या मधे मामा आपलं उत्तर कोंबायचा प्रयत्न करायचे, पण तिला वर्षा-दोन वर्षांपासून ऐकू येईनासं झालं होतं. त्यामुळे ते ओरडायचे. "जेवलो. गोळ्या घेतल्या का तू?" स्टँडवरची माणसं गाडी लागली असं समजून पिशव्या उचलायची.

"मी जे बोलतो ते जाते कुठं रे?" एकदा त्यांनी फोन माझ्यापुढे धरून विचारलं.

"नेटवर्कचं काही सांगता येत नाही मामा," मी म्हटलं.

"नेटवर्क चांगलं हाय. तिच्या कानापासी जाऊन थांबते," ते म्हणाले, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवला.

त्याच सुमारास एका कंपनीने नवी योजना आणली. मोठा फोन निम्म्या किमतीत. बदल्यात दोन वर्षं दर महिन्याला कंपनीचाच मोठा प्लॅन घ्यायचा. तो महिनाही अठ्ठावीसचाच. मध्ये सोडलं तर भरलेले पैसे गेले आणि कंपनी कुठूनतरी बसल्या जागी फोनला कुलूप लावणार. मला प्रत्येक फोनमागे घसघशीत कमिशन होतं, फक्त गिऱ्हाईक सहा महिन्यांच्या आत पळालं तर ते परत कापून जाणार होतं. मी जोरात विकायला लागलो. मामांनाही सांगितलं.

"अर्ध्या किमतीत देते, तं बाकीचं अर्धं कुठून घेते?"

"दर महिन्याच्या प्लॅनमधून."

"मंग सस्तं कुठं झालं?" मामांनी पंजे काचेवर ठेवले आणि पेरांवरून अंगठा फिरवत हिशोब मांडला. माझ्या दुकानात, माझ्याच काउंटरवर, फॉर्म भरायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर. लहान पॅकच किती फायद्याचा ते त्यांनी त्या दोघांना नीट समजावून दिलं. दोघेही लहान पॅक मारून निघून गेले.

मला राग आला. मी ठेवणीतला डाव काढला. "मामा, यात माणूस दिसतो," म्हटलं. अक्काच्या शेजारी अंगणवाडीच्या ताई राहत होत्या, त्यांच्याकडे मोठा फोन होता आणि त्यांचा नंबर मामांना पाठ होता. माझ्या फोनवरून मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. ताई अक्काकडे गेल्या आणि पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला. बराच वेळ तो नुसता बघत राहिला. मग अक्काने दोन्ही हात वर केले आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर दाबून दाखवलं. तेविसावा दिवस. मामांनीही हात वर केले. त्यांचा अंगठा त्याच पेरावर होता.

अक्का हसली. दात नव्हतेच. मामा त्या दिवशी ओरडले नाहीत. कॉल संपल्यावर उपरण्याने माझ्या फोनची काच पुसून तो मला परत दिला.

तुम्हाला वाटेल, लगेच फॉर्म भरला असेल. छे. तीन महिने तोलमोल चालला. कुणाचातरी वापरलेला जुना फोन पाहून झाला, त्याची बॅटरी फुगलेली निघाली. नवा पूर्ण किमतीत घेऊन त्यात लहान पॅक टाकायचा, हेही पाहून झालं, ते खिशाला झेपेना. रोज माझ्या फोनवरून करा, असं मीच म्हटलं. त्यावर म्हणाले, "भाऊ-बहिणीनं काय रोज तुह्या तोंडासमोर बसाव का?" शेवटी करार वाचून दाखव म्हणाले. इतक्या वर्षांत करार वाचून दाखव म्हणणारं ते पहिलं गिऱ्हाईक. इंग्रजीतली पानंच्या पानं मी मराठी करत वाचत गेलो. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"अन् दोन वर्षाच्या मधातच मानूस गेला तं?"

"मामा, तुम्ही ठणठणीत आहात."

"माहं कोन म्हनते? अक्का पंच्याऐंशीची हाय." त्यांनी डोळे उघडले. "अठ्ठावीस दिवसाचं ठीक असते. तेवढं मानसाले दिसते. दोन वर्षाची सही म्हनजे मी तिच्याकून दोन वर्षं लिहून घेतल्यासारखं व्हते."

मी पान उलटलं.

"आन इकडं पेन," मामा म्हणाले. "लिहूनच घेतो. पाहू कशी जाते."

मग मळ्याच्या बांधावर मामांचं दूरदर्शन सुरू झालं. रोज तीन वाजता अंगणवाडी आटोपून ताई अक्काच्या घरात जाऊन बसायच्या. मामा तिला वांगी दाखवायचे, सांबाराची जुडी दाखवायचे, विहिरीत डोकावून पाणी किती ते दाखवायचे. एकदा त्या नादात फोन विहिरीत जाता जाता राहिला. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची गोष्ट सांगत होतो, बघा, सत्तरीचा माणूस वापरतो. त्या गोष्टीवर माझे चार-पाच फोन खपले. मामांना मी जाहिरातीसारखं वापरलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी ते आले आणि त्यांनी हात काचेवर ठेवले नाहीत. स्टुलावर बसले. मी पंखा लावला.

"अक्काच्या मांगं चूल दिसते," ते म्हणाले. "दोन हप्त्यापासून पाहून राह्यलो. सारवेल हाय. राख नाही. लाकूड बी हाललं नाही जागचं. अन् मले म्हनते, जेवली."

मी म्हटलं, शेजारी देत असतील.

"हातावर तुळस गोंदेल हाय तिच्या. लहानपनी मी त्याचे पानं मोजो. आता हात वाळला, पानं पानात गेले." ते काचेतल्या नव्या फोनांकडे पाहत होते. "इतके वर्षं ती म्हने बरी हाय, अन् मी म्हनो बरी हाय. आवाजात चूल कशी दिसन?"

"इकडे घेऊन या त्यांना."

"नवऱ्याचं घर सोडत नाही म्हनते. अन् समजावू कसं? ऐकू येते का तिले?"

मला वाटलं, आता ते नेहमीचं म्हणतील. पेरं संपू दे, मग पाहू. अजून बारा पेरं शिल्लक होती, मी मनातल्या मनात मोजली होती. पण ते टोपली उचलून उठले. चौथ्या दिवशी मळा शेजाऱ्याला बटईने, अर्ध्या वाट्यावर देऊन, धोतराचं गाठोडं घेऊन स्टँडवर हजर झाले. गाडीला वेळ होता. दुकानात येऊन त्यांनी फोन काचेवर ठेवला.

"हे वापस घे."

"कंपनी परत घेत नाही मामा. करार दोन वर्षांचा आहे."

"मालूम हाय. वाचून तं तूच दाखवला."

"भरलेले पैसे जातील. फोनला कुलूप लागेल."

"लागू दे."

दहा रुपयांसाठी माझा अर्धा तास खाणारा हा माणूस. मी पुष्कळ समजावलं. निदान सहा महिने तरी चालू ठेवा म्हटलं. त्यात त्यांची काळजी किती आणि माझ्या कमिशनची किती, हे विचारू नका. नंबर तरी राहू द्या, लहान पॅक मारून देतो, असंही म्हटलं.

"कायले? मले रोज फोन करनारी एकच होती. आता तिच्या समोरच बसतो ना जाऊन." गाठोडं उचलता उचलता त्यांनी विचारलं, "तुही माय तिकडं गावाले, धनजले हाय ना? एकटीच?"

"हो. रोज बोलतो. माझं अनलिमिटेड आहे."

"काय म्हनते?"

"बरी आहे म्हणते."

तेवढ्यात गाडी लागली आणि मामा गेले.

काही दिवसांनी फोनला कुलूप लागलं. चालू केला की पडद्यावर पैसे भरा एवढंच येतं. तो माझ्या शोकेसमध्ये आहे, विकता येत नाही आणि टाकवत नाही. कंपनीने माझं कमिशन कापून घेतलं. त्यांच्या नंबरचा अठ्ठाविसावा दिवस आला तेव्हा मी तो नंबर मशीनवर टाकलाही होता. मग खोडला. इतकी वर्षं एक दिवस बंद न पडलेला नंबर त्या रात्री बंद पडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता रिकाम्या स्टुलाकडे लक्ष गेलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मागच्या आठवड्यात किन्हीराजाचं एक गिऱ्हाईक झेरॉक्सला आलं होतं. त्याला विचारलं. म्हणाला, "तो म्हातारा? तो काय, चुलीपासी बसून भाकरी जाळते रोज. अन् म्हातारी मोठ्यानं हासते."

तो गेल्यावर मी आईला फोन लावला. साधा नाही, व्हिडिओ. मोठा फोन मीच तिला दिलेला आहे, दुकानातलाच. तिने उचलला, पण पडद्यावर मला छपराचे टिन आणि बंद पंखा दिसत होता.

"आई, फोन तोंडासमोर धर."

"धरला तं हाय."

"जेवली का?"

"जेवली ना. बरी हाय मी बाबू. तू दुकान पाहाय."

"आई, जरा खाली कर. मला तू दिसत नाहीस."

टिन हलले, पंखा हलला, आणि फोन बंद झाला.

मी दोन्ही हात काचेवर उताणे ठेवले. आईला समोर बसून शेवटचं पाहिल्याला किती दिवस झाले, ते डाव्या करंगळीच्या बुडापासून मोजायला लागलो. उजव्या अंगठ्याच्या शेंड्यापर्यंत पोचलो. पुन्हा डावी करंगळी. पुन्हा अंगठा. तिसऱ्यांदा करंगळीवर आलो तेव्हा मोजणं सोडून दिलं आणि शटर ओढायचा लोखंडी आकडा शोधू लागलो. धनजची गाडी समोर लागलेली होती.